हिरवा शेरा

हापसालूच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
यंत्र मी चालवतो.
हनुवटी इथे, कपाळ तिथे,
फुलीकडे बघा, पापणी नको –
दिवसातून चाळीसदा म्हणतो, झोपेतही म्हणत असेन.

साल्मे ताम्मिक, वय एकोणऐंशी.
अख्खी शाल अंगठीतून आरपार जावी
असं बारीक विणणारी.
तीन वर्षं सांगत होती,
उजवा मिटला की
धक्क्यावरचा कुरव वर चढता चढता पुसला जातो.
तीन वर्षं मी कागद पुढे केला:
काचबिंदू, डावा डोळा, खालची बाजू, एकशे अठरा मायक्रॉन.
हिरवं.
हिरव्याला कोण हटकतं?
डॉक्टर पिरेतनी सही केली, थेंब तेच ठेवले.
कुरवाचं कुणी लिहून घेतलं नाही.

आज बर्फामुळे तिच्यानंतरचा पेशंट आला नाही.
म्हणून ती म्हणाली, दाखव तरी
माझ्या डोळ्यात आहे काय.
पडदा तिच्याकडे वळवला.
राखाडी थर, सायीवर साय धरल्यासारखे,
आणि सॉफ्टवेअरनं आखलेल्या दोन रेघा.
त्यांच्यामधलं अंतर म्हणजे शिल्लक.

नाक काचेला लागेल इतकी ती वाकली.
"ही वरची रेघ," बोट न टेकवता म्हणाली,
"इथे टाका चुकलाय.
थर खाली उतरला, ही वरच राहिली,
भलत्याच धाग्यावर."

होती.
दृष्टिपटलावर सुटलेल्या एका पापुद्र्यालाच
यंत्र मज्जातंतूंचा थर समजत आलं होतं.
मागच्या वर्षीचं चित्र काढलं. तिथेही.
त्याच्या मागचंही.
एकच चूक, इतकी नेमाची
की तिला आम्ही स्थैर्य म्हणत होतो.

माउसनं रेघ धरली, खाली आणली, बसवली.
रंग आधी बदलला, आकडा मागून आला.
त्रेसष्ट.

ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं चष्मा पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी.
"माझ्याकडून झालं तर
चुकल्या ओळीपर्यंत उसवते मी,
पुन्हा विणते.
इथे?"

खाली बर्फ लोटणारी गाडी
पुढे जात होती, मागे येत होती.
मी म्हणालो, डॉक्टरांना बोलावतो.

ती गेल्यावर, कोट अंगात चढवलेला असताना,
जो आलाच नव्हता
त्याची फाईल उघडली.
तीही हिरवी.
कोट काढून ठेवला.