बिननंबरी

रेणापूर फाट्याच्या पुढं, मुरमाच्या माळावर
टँकरनं दोनदा पाणी मारून झालं
तरी धूळ बसायला तयार नाही.
जुन्या टायरांच्या भिंती, त्यांना चुना फासलेला.
चौदा गाड्या रांगेत गुरगुरताहेत
आणि पंधरावी माझी.
तिला नंबर नाही.
दारावर लाल अधिकचं चिन्ह, रेडियमचं,
काल संध्याकाळी औसा रोडला कापून घेतलेलं.

नियम असा, की पहिली फेरी
मी त्यांच्या मागं पळवायची, जीव तोडून,
कारण पहिल्याच वळणात सगळ्यांना घाई असते
आणि पडणारा बहुतेक तिथंच पडतो.
कुणाला ओलांडायचं नाही.
फार मागंही राहायचं नाही.
संयोजक हे दुसऱ्यांदा समजावायला लागले तेव्हा म्हणालो,
“साहेब, बावीस वर्षं काळी-पिवळी चालवलोय
किनगावच्या रस्त्यावर. अडलेल्या बाया नेलोय रातच्याला.
घाई येगळी आन् गडबड येगळी,
येवढं कळतंय मला.”

शेजारी डॉक्टर तहेसीन काझी, भूल देणाऱ्या.
मांडीवर मानेचा पट्टा, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं,
ओढणीला मागं गाठ, त्यावर हेल्मेट.
“सुरनर काका, खड्डे बघून,” एवढंच बोलल्या.

पुढची पांढरी गाडी गफूरची. टपावर पिवळा दिवा.
तो लागला की सगळ्यांनी त्याच्या मागं, मुकाट,
पंगतीत वाढप्याची वाट बघितल्यासारखं.
गफूर म्हणतो, मी सगळ्यांत पुढं,
आणि शर्यतीत कुणीच नाही.
तुझंबी तसंच, शेवटून.
आमच्या दोघांत चहा एक, बशीत अर्धा मी, कपात अर्धा तो.

पहिली फेरी निभावली. दुसरी, तिसरी.
डॉक्टरांनी पेरू कापला. मीठ नव्हतं.
पाचव्या फेरीत बाभळीच्या वळणावर
धूळ वेगळी उठली.
पळत्या गाडीची धूळ आडवी लांबते,
उलटत्या गाडीची उभी राहते.
मी गिअर टाकून बसलो. क्लच सोडला
तो वॉकीटॉकीत “जा” ऐकल्यावरच.
हे अवघड असतं. कुणी विचारत नाही म्हणून सांगतो.

चाळीस सेकंद लागले, म्हणे.
मला आठवतं ते असं, की पेरूची फोड
डॅशबोर्डवरून घसरत गेली,
आणि डॉक्टरांचा हात दाराच्या कडीवर होता
गाडी थांबायच्या केव्हाच आधीपासून.

टपावर पडलेली गाडी, चाकं अजून फिरत.
आत पीयूष भुतडा, गंजगोलाईत बापाचं भांड्यांचं दुकान,
पट्ट्याला उलटा लोंबकळलेला.
“हलू नको. नाव सांग. बोटं हलव.
शाब्बास. दुसऱ्या हाताची?”
पेट्रोलचा वास. मी आग विझवायचा लाल डबा धरून उभा,
पिन काढलेली,
आणि एकाही देवाचं नाव आठवेना.

मागं सगळं शांत झालेलं.
गफूरचा दिवा गरागरा फिरत होता
आणि तेरा गाड्या त्याच्यामागं वरातीच्या चालीनं.
जाताना एकेकानं मान वळवली.
काचेआड डोळे दिसत नाहीत. तरीपण.

फळीवर घेतलं तेव्हा पोरगा विचारतो,
“काका, कितवा होतो मी?”
“आमच्या म्होरं होतास बाबा.
आमच्या म्होरं समदेच असतेत.”
डॉक्टर हसल्या नाहीत, नाडी मोजत होत्या.

ॲम्ब्युलन्स त्याला लातूरला घेऊन गेली,
हासळीचं हाड, बाकी खैर.
आम्ही परत आमच्या जागेवर,
कारण आम्ही जागेवर नसलो
तर शर्यत सुरूच होत नाही.
हे एक मला बरं वाटलं.

बक्षिसं कुणाला मिळाली, विचारायचं राहिलं.
अंधार पडता पडता परत निघालो, चाळीसच्या वेगानं.
डॉक्टर बूट काढून झोपलेल्या.
एका टमटमनं हॉर्न मारत ओलांडलं, आत शिगोशीग माणसं,
मागं लोंबकळणाऱ्यानं आमच्या दाराकडं बोट दाखवून
बाजूच्याला काहीतरी सांगितलं.
जाऊ दिलं.
सीटखाली कुठंतरी पेरू वास मारत होता.