देश : एनए

विंडहुकमध्ये ऑगस्टचा वारा. खिडकीच्या फटीतून
बारीक वाळू येऊन कीबोर्डवर बसते.
न्देशिपांडा फुंकर मारते, फाइल उघडते :
चार देश, सव्वाशे दवाखाने,
नऊ हजार सहाशे अकरा बाळांची जन्मवजनं.

ओहांग्वेनाला मावशी महांगू पाखडायची
तेव्हा कोंडा वाऱ्यावर जायचा, दाणा टोपलीत राहायचा,
आणि खडा, दाण्याइतकाच जड,
तो मात्र बोटांनीच वेचावा लागायचा.

रुंडू, आणि रुंडूच्या मागे एक मोकळी जागा :
आरच्या लेखी ही दोन गावं.
छाट कडेच्या जागा. अक्षरं सगळी एका उंचीची कर.
वजन तीन पूर्णांक एक. वजन तीन हजार शंभर.
टेकडीच्या अलीकडे किलो, पलीकडे ग्रॅम.
शंभराच्या वर असेल तर हजारानं भाग,
नसेल तर राहू दे.
आणि हे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ?
असं बाळ कुठल्याच आईला झेपलेलं नाही.
सेसफोन्टेनच्या सिस्टर गारिसेस
काटा बिघडला की असं लिहितात.

मग दुबार ओळी काढायची आज्ञा.
एंटर दाबण्याआधी तिचा हात अडतो.
एक आई, एक तारीख, दोन पूर्णांक तीन, दोनदा.
फोन लावते. पलीकडे जनरेटरची घरघर.
"सिस्टर, दोन वर्षांपूर्वीचा मार्च, ही ओळ चुकून दोनदा पडली का?"
"चुकून? अगं, ती दोघं आत्ता माझ्या दारात
शेळीच्या मागे धावतायत."

संध्याकाळी, कंटाळून,
एकाच ओळीत सगळं : अर्धवट नोंदी गाळ.
फाइल कशी हलकी झाली, लख्ख झाली.
उएरिकुआ जाता जाता विचारतो,
"आपल्या देशाची किती?"
अंगोला आहे. बोट्स्वाना आहे. झांबिया आहे.
नामिबिया : शून्य.

सुक्याबरोबर ओलंही जळालं म्हणावं,
तर इथे ओलं तेवढंच जळालं होतं.
देशाची खूण दोन अक्षरांची, एन आणि ए.
आरच्या भाषेत त्याच दोन अक्षरांचा अर्थ : माहीत नाही.
दारातच प्रत्येक बाळाला
कुठलं तू, विचारलं गेलं,
आणि उत्तर ऐकूनही लिहिलं गेलं, माहीत नाही.

ती आरला विचारून पाहते :
एनए बरोबर एनए, खरं की खोटं?
आर म्हणतो, एनए.
हे न-माहीत त्या न-माहीतसारखंच आहे का,
ते मला माहीत नाही.
उएरिकुआ हसतो. "खात्यापेक्षा प्रामाणिक आहे."
मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून,
"माझे पणजोबाही कुठल्या यादीत नव्हते," म्हणतो,
आणि पुढे काही बोलत नाही.

फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली.
यावेळी उंबऱ्यावरच बजावून :
रिकामं असेल तेवढंच रिकामं समज,
अक्षरं अक्षरंच राहू देत.
दोन हजार दोनशे आठ ओळी परत आल्या,
रुंडूच्या, ओपुवोच्या, ल्युडेरिट्सच्या,
शेळीमागच्या त्या दोघांसकट.

सदतीस बाळांचं वजन मात्र खरंच नाही.
"सरासरी भर की," उएरिकुआ म्हणतो, "आठ वाजले."
ती भरत नाही.
अडीच किलोखालची वेगळी काढताना
चाळणी या सदतिसांना न विचारता खाली सोडते,
आवाजसुद्धा होत नाही.
तिथे ती एक 'किंवा' जोडते :
अडीचपेक्षा कमी, किंवा रिकामं.
आणि शेजारी, यंत्र जे वाचत नाही त्या खुणेमागे, लिहिते :
काटा बंद होता. बाळ होतं.

फाइलला 'स्वच्छ अंतिम' नाव द्यायला जाते,
थांबते,
'स्वच्छ चार' देते.
कीबोर्डवर पुन्हा वाळू.