तिसाचे छत्तीस

सीएसटी रोड, कुर्ला. शटर अर्धं उघडं.
हातिमभाई काउंटरवर तीन पंप मांडतात.
पहिला पायाचा, टायरवाला.
"हा नको. शॉकअपच्या पोटात हवा ती केवढी? कटिंगच्या ग्लासाएवढी.
दोन दाबांत सील जाईल."
दुसऱ्याचा काटा तीनशेपर्यंत पळतो,
मला फक्त तिसाचे छत्तीस करायचे असतात.
तिसरा बोटभर जाड.
नळी काढताना फुस्स करत नाही.
"मोजलेलं मोजलेलंच राहतं."

"गाडीवरचं वजन बदलतं काय?"

बदलतं.
मंगळवारी, शुक्रवारी मागे जनूदादा,
डाव्या हातातला फिस्टुला पोटाशी जपत.
चुनाभट्टीचं फाटक, पुढे सायनचे उखडलेले पेव्हर ब्लॉक.
प्रत्येक खड्ड्याला त्याचं कपाळ
माझ्या पाठीला लागतं.
बोलत काही नाही.

घासाघीस न करता तिसरा घेतला.

डायलिसिसहून निघताना दादा
अडीच किलोंनी हलका असतो.
एवढ्याने काटा हलत नाही, ठाऊक आहे.
तरी गेटपाशी उकिडवा बसतो,
व्हॉल्व्हची टोपी दातांत धरून
जराशी हवा सोडतो.
"आता काय राहिलं?"
तोंडात टोपी, म्हणून
हातानेच सांगतो, बस.