दोनशे चौदा

साथरोग विभाग तळमजल्यावर,
कारण जिना चढता चढता फायली हरवतात
असा आमच्याकडचा अनुभव.
पोषण पहिल्यावर, कॅन्टीनच्या फोडणीत.
पर्यावरण आरोग्य दुसऱ्यावर, त्यांना एसी आहे.
आणि जैवसांख्यिकी, म्हणजे ठकार मॅडम आणि मी,
गच्चीखालच्या खोलीत.
खिडकीतून चामर लेण्यांचा डोंगर दिसतो,
एप्रिलात दिसत नाही, तेव्हा पडदा ओढलेला असतो.

विभाग एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.
सामायिक असा एकच फ्रीजर, उणे ऐंशीचा.
त्यात गोदेचं पाणी,
अंबडच्या कामगारांचा बेडका,
दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या बायांचं रक्त
एका कप्प्यात गुण्यागोविंदाने नांदतं.

रक्ताचा अभ्यास आमचा.
फवारणीच्या दिवसांत
एक एंझाइम किती खाली उतरतं, एवढंच बघायचं.
तीनशे बारा बाया,
दोनशे नव्वद अंगठे, बाकी सह्या.
प्रश्न सतरावा : काम झाल्यावर हात कशाने धुता?
साबण, माती, राख, नुसतं पाणी, इतर.

दोनशे चौदाव्या ओळीतला आकडा
आलेखात कुठेच बसेना.
सगळे ठिपके दाटीवाटीने एकीकडे,
हा तळाशी, एकटा,
गावकुसाबाहेरच्या झापासारखा.
सरासरी नासवतोय, काढ तो, मॅडम म्हणाल्या.
नियमाने बरोबरच होतं.
मी कर्सर त्या ओळीवर ठेवला
आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी हिरामण गावितच्या मोटारसायकलवर मागे,
ढकांबे ओलांडून, आणखी आत.
तक्त्यात नावं नसतात. बागेत असतात.
पारूबाई भुसारे, मूळची पेठकडची,
घडांची विरळणी करत होती,
कात्री तोंडापुढून टिकटिक चालत होती.
हिरामणने ओळख दिली तशी थांबून म्हणाली,
"ते रगत नेलं होतं ना?
माझा नंबर कितवा आला?"

मला उत्तर सुचलं नाही.
पहिला, हिरामण म्हणाला.
ती हसली, आणि आम्हाला पाणी दिलं
निळ्या कॅनमधून.
कॅनवरचा कागद खरवडून काढला होता,
कवटीची अर्धी जिवणी तेवढी उरली होती.
औषधाचं कॅन हाय, तिने सांगितलं, चांगलं घासलंय.
इकडे विषालाही औषधच म्हणतात.

पाणी कशात साठवता,
हा प्रश्न आमच्या अर्जात नव्हता.
पर्यावरणवाल्यांच्या अर्जात होता, नववा.
तो त्यांनी विचारला
वेगळ्या तीनशे बायांना.

कॅन द्या, तपासायला नेतो, म्हटलं,
तर ती म्हणे, मग पाणी भरू कशात?

अंदाजपत्रकात शीर्षं अकरा :
सुया, नळ्या, बर्फ, पेट्रोल, झेरॉक्स...
कळशी नव्हती.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला,
बिलावर सही केली.
नोंदवहीत अजून आहे :
कळशी, स्टील, नग एक. स्टेशनरी.

ओळ राहिली. सरासरी नासली.
निबंध एकदा साभार परत आला,
मग तळटीपेसह छापून आला.
कॅन जिन्याखाली आहे,
कुठलाच विभाग ते ताब्यात घेत नाही.

दुसऱ्यांदा रक्त घ्यायला गेलो
तेव्हा टोळी निफाडकडे गेली होती,
मुकादमाचा फोन बंद.
दुसऱ्या वाचनाचा रकाना कोरा आहे.
नवीन मुलगा शून्य टाकायला निघाला होता,
त्याचा हात धरला.
कोरं वेगळं, शून्य वेगळं,
पहिल्या तासाला शिकवतो आम्ही हे.

हिरामण म्हणतो,
झोपडीच्या जागी चूल होती, चार खुंट्या होत्या.
कळशी नव्हती.