शेपूट

सोहार बंदरामागची शेड.
क्रेनवरच्या कॅमेऱ्याचं कार्ड आलंय दुरुस्तीला.
सकाळी चित्र स्वच्छ, म्हणे, दुपारी फाटतं.
बाहेर सत्तेचाळीस. आत एसीला माझ्याइतकीच धाप.

हिरव्या पाटीवरून
केसाएवढ्या दोन रेघा जोडीनं निघतात.
एक वर गेली की दुसरी तेवढीच खाली.
निरोप दोघींपैकी एकीतही नसतो,
तो दोघींमधल्या फरकात.
शेजारच्या कॉम्प्रेसरचा गोंगाट
दोघींवर सारखाच पडतो, म्हणून वजा होतो.

मी दोन प्रोब लावले, एकातून दुसरा वजा केला
आणि स्कोपवर जे उमटलं
त्याला सिग्नल म्हणायला जीभ रेटेना.
लाखो बिट एकावर एक रचले
की मध्ये उघडा राहायला हवा तो डोळा
पार मिटलेला, वर नुसते काटे.
तासभर मी कार्डालाच शिव्या घातल्या.

मुनाफ परकार नमाज उरकून आले, बाह्या ओल्या.
पडद्याकडे बघितलंच नाही, माझ्या हाताकडे बघितलं.
"काय गो, ही ग्राउंडची वायर केवढी!
वीतभर शेपूट लावलंस नि शेपटीलाच मोजत बसलीस.
आणि जमीन कशाला हवी तुला?
ह्यांना नकोय. ह्या एकमेकींकडे बघून चालतात."

मग कुलपातला डिफरेन्शियल प्रोब निघाला,
ज्याचं टोक मोडलं तर माझे चार पगार.
श्वास धरून मी दोन टाके मारले.
डोळा उघडला.
टपोरा, निवांत, काही झालंच नाही असा.

"थांब," मुनाफभाई म्हणाले,
"दुपार आणू या."
हॉट एअर गन धरली रेघांच्या शेवटावर,
तांदळाच्या कणीएवढ्या शंभर ओहमवर.
चाळीस, पन्नास, साठ...
पापणी थरथरली आणि खाली आली.

भिंगाखाली रेझिस्टरला तडा दिसला.
गार असला की सांधलेला, तापला की सुटणारा.
इतक्या वेगानं पोचलेलं
तिथं कुणी उतरवूनच घेत नव्हतं,
म्हणून ते आल्या वाटेनं मागं फिरायचं
आणि मागून येणाऱ्यावर आदळायचं.

रेझिस्टर बदलला. पुन्हा दुपार आणली. डोळा टिकला.

वहीत मुनाफभाईंनी एवढंच लिहिलं,
"शेवट ढिला होता."
तारीख घातली, तेविसावं वर्ष म्हणाले
आणि हर्णैला फोन लावायला बाहेर उन्हात गेले,
आत रेंज येत नाही म्हणून.

काचेतून दिसत होते.
बराच वेळ नुसते ऐकत उभे.
ती काळी शेपूट मी बोटाला गुंडाळत राहिले.