उलटा पंखा

संकेश्वरच्या माळावर, ऊसतोडणी यंत्राच्या मागं
आमची चाकांवरची पत्र्याची खोली.
मार्च सरत आलेला. रात्री अकराला
भिंतीला हात लावला तर
अजून दुपार.

तीन पंखे लावले.
तिन्ही तोच उष्मा
एकमेकांच्या तोंडावर फेकत बसले.

तवनाप्पा आला, हसला. डब्यावर चढून
छतातला पंखा काढून उलटा बसवला.
'आधी आतलं भाईर जाऊ दे की रे.'
हिरण्यकेशीकडची खालची खिडकी वीतभर उघडली,
बाकी सगळ्या बंद.

मग नुसतं पडून राहिलो.
दोनच्या सुमाराला
कन्नड कॅलेंडरचं पान हललं,
आणि पायाच्या अंगठ्याशी
मळीच्या वासाचं
थोडंसं गार.

तवनाप्पाला सांगावं म्हणून उठलो.
तो घोरत होता, गुडघे पोटाशी घेऊन.
अंधारात चाचपत
त्याच्यासाठी चादर शोधत राहिलो.