चौथा रकाना

कागद मी दिला तेव्हा त्यावर तीन रकाने होते:
वेळ. काय खाल्लं. किती.
तीन दिवस लिहून आणा, म्हटलं,
दोन कामाचे, एक शुक्रवार.
खोटं लिहू नका, दात बोलतातच.
हे सगळं हिंदीत.

सोहारच्या बंदरात क्रेन चालवणारा माणूस,
रऊफ मुकादम, वय एकेचाळीस,
हिरड्यांच्या कडेनं खडूसारखे पांढरे डाग,
दोन दाढा आधीच पोखरलेल्या.
लिजीनं चूळ भरायला पेला दिला
तर स्वतःशीच म्हणाला, मराठीत,
"पाणी गोडं आहे हां इथलं."
मी आरसा खाली ठेवला.
"कुठले हो तुम्ही?"
"आडे. आंजर्ल्याच्या पुढं."

कागद आठवड्यानं आला,
चार घड्या, घामानं मऊ,
आठवीपर्यंतच्या शाळेचं वळणदार अक्षर
आणि पट्टी लावून आखलेला
एक रकाना जादा:
कोणाबरोबर.

पहाटे ३ — कडक चहा, साखर चार चमचे — एकटा, वर.
३.२० — तोच चहा — एकटा.
३.५० — तोच — एकटा.
सकाळी ७ — खुबूस, डाळ — खोलीतले सहा जण.
दुपारी ३ — बिस्किटं, पाच — खैरुन, फोनवर. तिनं पण पाचच.
शुक्रवार — खजूर, सात — मशिदीबाहेर, नाव विचारलं नाही.

मला आम्लाचं गणित शिकवलंय:
प्रत्येक गोड घोटानंतर अर्धा तास
दाताचा चुना विरघळत राहतो,
मग लाळ येते, गवंड्यासारखी,
गिलावा करू लागते.
तिचं काम संपायच्या आत पुढचा घोट.
साखर किती, यापेक्षा कितीदा, ते मोजायचं.
मी लाल पेन घेतलं.
एका रात्रीत अकरा वेळा.
चौथ्या रकान्यात पेन कुठं टेकवावं, कळेना.

"थर्मास वर नेऊ नका."
"पन्नास मीटर वर, मॅडम. खाली यायचं तर शिडी,
शिडीला वेळ, वेळेला सुपरवायझर."
"मग पाणी न्या."
"पाण्यानं झोप जात नाही. डुलकी लागली
तर कंटेनर कुणाच्या डोक्यावर?"

मग आम्ही हर्णैच्या लिलावासारखे बसलो,
फक्त बोली उतरती.
चार चमचे. तीन. अडीच.
दोन, पण वेलची जास्त.
चहा एका बैठकीत संपवायचा,
चूळ भरायची,
पुढं भाजलेल्या शेंगा.
"शेंगा फोडताना झोप येत नाही," हे त्यानंच काढलं.
लिजीला मराठी येत नाही, सौदा कळतो,
ती दाराशी उभी राहून हसत होती.
बिस्किटांना मी हात लावला नाही.
जेवणाला लागूनच खा, एवढंच म्हटलं,
तिलाही सांगा.

सहा महिन्यांनी आला.
डाग गेले नव्हते.
तपकिरी झाले होते, टणक, चकचकीत,
सळईचं टोक त्यावरून घसरलं, रुतलं नाही.
"थांबलेत," मी म्हटलं.
"थांबले म्हणजे बरे झाले?"
"थांबले म्हणजे थांबले."
त्याला पटलं ते.
वाऱ्यात क्रेन थांबवणं
हे चालवण्याहून अवघड, म्हणाला.

आणि माणसानं आणलं काय,
तर दातांच्या दवाखान्यात
केशराचा ओमानी हलवा, अर्धा किलो,
वर बदाम.
"एकदाच खायचा," मलाच दटावत होता,
"बैठकीत. पुरवून पुरवून नाही."
तिघांनी उभ्याउभ्या खाल्ला,
तिघांनी रांगेत चूळ भरली.

तो गेल्यावर मी एक कोरा कागद ओढला.
दुपारी ४.१० — हलवा — दीड चमचा,
खरं तर दोन —
आणि खणात पट्टी शोधू लागले.